बाराव्या कॉलममधलं दूध

सोमनाथ ताजणे नऊ वर्षांचा असताना त्यानं एका सकाळी दोन क्रेट कच्चे टोमॅटो तोडून ठेवले. मखमलाबादला ताजण्यांचा अडीच एकरांचा मळा आहे. टोमॅटो, कोथिंबीर, बांधाला गुलाब आणि झेंडू. त्या दिवशी माल मार्केटला जायचा होता आणि आई कलाबाईनं त्याला सांगितलं होतं, "लाल तेवढेच तोड." क्रेट बघून वडिलांचं डोकं फिरलं. पोरगं कामाचा राग काढतंय असं त्यांना वाटलं आणि एक ठेवून दिली. सोमनाथला आपलं काय चुकलं तेच कळेना. त्यानं तर चांगले मोठे, भरलेले बघून तोडले होते.

मातोरीचा गोटीराम मामा त्या दिवशी मळ्यात होता. त्यानं सोमनाथला विहिरीपाशी नेलं आणि हलकेच म्हणाला, "डोळ्यावर जाऊ नको. हातानं दाबून बघ, देठापाशी वास घे. मी बी तसंच करतो. पण कुणाला सांगू नको, लोक येडं समजत्यात."

तेव्हापासून सोमनाथ टोमॅटो दाबून तोडायला शिकला. आपल्या डोळ्यांत काहीतरी वेगळं आहे हे त्याला कळलं होतं, त्याला म्हणतात काय ते मात्र कळायला आणखी नऊ वर्षं गेली.

बारावीनंतर तो देवळाली कॅम्पला सैन्यभरतीला गेला. धावण्यात पहिल्या दहांत आला, छाती बसली, उंची बसली. मग मेडिकलला डॉक्टरांनी एक चोपडी समोर धरली. पानभर रंगीत ठिपके. "आकडा वाच," ते म्हणाले. सोमनाथ म्हणाला, "साहेब, आकडा कुठंय? नुसते ठिपके आहेत." डॉक्टरांनी चार पानं उलटली आणि चोपडी मिटली. ते वाईट बोलले नाहीत. याला रंगांधळेपणा म्हणतात, हे जन्मतःच असतं, बहुतेक आईच्या बाजूनं येतं, याला औषध नाही आणि यानं दुसरं काही बिघडत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. घरी आल्यावर त्यानं ते जसंच्या तसं आईला सांगितलं, विहिरीपाशी मामा काय बोलला होता तेही. कलाबाई रडली नाही. ती त्याच संध्याकाळी मातोरीला गेली आणि भावाशी भांडून आली. तुला माहीत होतं तर पोराला आधी का नाही सांगितलंस, धावून धावून त्याचे पाय सोलले ना!

हे सगळं मला त्यानं नंतर सांगितलं. मी तेजस्विनी तिडके. कॉलेजच्या हजेरीत ताजणेनंतर तिडके यायचे, म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आम्हा दोघांना एक टेबल मिळालं. केमिस्ट्री का घेतलीस असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "मार्क होते. आणि अॅडमिशनला डोळे कुणी विचारले नाहीत."

पहिलंच प्रॅक्टिकल टायट्रेशनचं होतं. वरच्या नळीतून खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडायचा आणि पाणी जरासं गुलाबी झालं की त्या थेंबाला थांबायचं. माझं झालं म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचा फ्लास्क पार राणी कलरचा झालेला आणि हा अजून थेंब सोडतोय. मी म्हणाले, "अरे बस की! केव्हाचं झालं." त्यानं नळी बंद केली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. त्या वर्षभर मी टेबलाखाली त्याच्या बुटाला बूट लावायचे. बूट लागला की तो थांबायचा.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला नंबर चिठ्ठीनं पडणार होते. म्हणजे मी शेजारी नसणार. मी म्हणाले, सरांना सांग. तो म्हणाला, "सांगितलं तर सवलत देतील. सवलतीनं पास झालो तर पुढं नोकरीत काय करू?" त्याच्याकडे एक महिना होता. गणपतीच्या मखराला लावतात तसले जिलेटीनचे रंगीत कागद त्यानं मेनरोडवरून आणले आणि एकेक कागद डोळ्यासमोर धरून फ्लास्क बघायला लागला. लाल कागदानं काही होईना, पिवळ्यानंही नाही. हिरव्यातून बघितल्यावर मात्र थेंब पडताच फ्लास्क एकदम काळवंडला. का काळवंडला ते त्यानं पुस्तकात शोधलं. गुलाबी पाणी हिरवा उजेड पिऊन टाकतं. हिरवाच उजेड पाठवला तर पलीकडे कमी पोचतो, आणि उजेड कमी की जास्त हे तर त्याला कुणाहीपेक्षा चांगलं दिसत होतं.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी त्याच्या हातातला कागद पकडला. "काय आहे हे? कॉपी?" अख्खी लॅब थांबली. तेव्हा सोमनाथनं पहिल्यांदा चारचौघांत सांगितलं, मला गुलाबी दिसत नाही. सरांनी त्याला तेच टायट्रेशन तीनदा करायला लावलं. तिन्ही आकडे जुळले. सर म्हणाले, "हा कागद खिशात लपवू नकोस. टेबलावर ठेव."

मला वाटलं होतं, त्या दिवशी त्याची लपवाछपवी संपली. पण नोकरी ही वेगळी गोष्ट असते.

मी सातपूरच्या एका खासगी अन्नतपासणी लॅबमध्ये लागले होते. दोन हजार चौदा साली तिथं जागा निघाली आणि मी सोमनाथला कळवलं. फॉर्मवर एक रकाना होता, 'दृष्टिदोष असल्यास'. त्यानं पेन थांबवलं. मीच म्हणाले, "नाही लिही. चष्मा कुठंय तुला?" त्यानं 'नाही' लिहिलं. ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याच्या वाट्याला मायक्रोप्लेट रीडर आला. तळहाताएवढी प्लास्टिकची चपटी प्लेट असते. तिच्यात आठ आडव्या ओळी आणि बारा उभे कॉलम, अशी शहाण्णव बारीक घरं. प्रत्येक घरात चमचाभरही नाही, काही थेंबच मावतात. दुधात औषधाचा अंश आहे का, मक्यात बुरशीचं विष आहे का, ते त्या घरांत तपासायचं. शेवटी घरांत निळा रंग उतरतो, त्यात अॅसिड टाकलं की पिवळा होतो. आमच्या दुधाच्या तपासणीत रंग गडद आला तर दूध स्वच्छ, फिका आला तर दुधात औषध. मग प्लेट यंत्रात सरकवायची. यंत्र प्रत्येक घरातून ठरावीक रंगाचा उजेड सोडतं आणि त्यातला किती आत शोषला गेला याचा आकडा देतं.

पहिल्या दिवशी हे समजून घेऊन तो कॅन्टीनमध्ये आला आणि नुसता हसत बसला. "तेजू, हे तर माझंच काम करतंय."

फ्लुरोसन्सचं काम त्याला त्याहून आवडायचं. त्यात प्लेट काळी असते. एका रंगाचा उजेड आत टाकायचा आणि नमुना स्वतः दुसऱ्या रंगाचा जो मंद उजेड देतो, तो मोजायचा. शेजारच्या घराचा उजेड मिसळू नये म्हणून प्लेट काळी. सोमनाथ म्हणायचा, "इथं सगळेच माझ्यासारखे. कुणालाच डोळ्यांनी काही दिसत नाही, मोजावंच लागतं."

बाकीचे लोक प्लेट यंत्रात घालण्याआधी एकदा उजेडात धरून बघायचे. पिवळी दिसली की मान डोलावायचे. सोमनाथ बघायचाच नाही. तो शहाण्णवच्या शहाण्णव आकडे प्लेटच्याच आकारात कागदावर छापून घ्यायचा, पेन्सिलनं खुणा करायचा आणि कागद फाइलला लावायचा. तपासणीची रसायनं तयार किटमध्ये येतात आणि त्यातल्या बाटल्यांची झाकणं रंगीत असतात. प्रत्येक नवीन किट आलं की तो झाकणांवर पेननं अक्षरं लिहायचा. लोक म्हणायचे, ताजणे फार टापटिपीचा. नऊ वर्षं अशी गेली.

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात एका दुपारी वॉचमनचा फोन आला. "ताजणे भाऊ, खाली एक बाई आल्यात. दूध तपासणाऱ्यालाच भेटायचं म्हणतात."

मीही त्याच्याबरोबर खाली गेले. पन्नाशीची बाई, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली किटली. नाव नवसाबाई. कळवणच्या पुढच्या एका पाड्यावरून पहाटेची एसटी धरून आली होती.

"तुम्हीच का दूध तपासता?" तिनं विचारलं.

"हो मावशी."

"मंग माझं नाव तुम्हीच लिवलं. चार येळा लिवलं. दुधात औषध हाय म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या गायीला दोन वरीस झाले सुई टोचली नाय. जनावराचा डॉक्टर माझ्या दारात आला नाय. डेअरीच्या केंद्रावर फळ्यावर नाव लिवलंय. आमच्या पाड्याच्या चौघीजणींचं. येता जाता लोक वाचत्यात."

"चौघींचंही औषध निघालं?" सोमनाथनं विचारलं.

"चौघींचं. दर खेपेला. हे आज पहाटंचं दूध हाय. आत्ता तपासा, माझ्यासमोर."

सोमनाथला ते दूध घेता येत नव्हतं. डेअरीनं सील करून पाठवलेला नमुनाच आम्ही तपासू शकतो. बाहेरून आणलेल्या दुधाचा अहवाल कुणी मानत नाही. त्यानं तिला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मंग माझं खरं मी कुठं न्यू?"

त्यानं चहा मागवला, तिनं कपाला हात लावला नाही. जाताना किटली वॉचमनच्या हातात दिली. "ओतून टाकू नका. पिण्यासारखं हाय," एवढंच म्हणाली आणि स्टँडकडे निघाली.

सोमनाथ वर आला तो थेट फायलींच्या कपाटाकडे गेला. सहा आठवड्यांचे कागद त्यानं टेबलावर पसरले. डेअरीच्या नमुन्यांची यादी ठरलेल्या क्रमानं यायची आणि कळवणचा रस्ता यादीत शेवटचा होता. त्यामुळे त्या चौघींचे नमुने प्रत्येक वेळी प्लेटच्या अगदी शेवटी, बाराव्या कॉलममध्ये बसायचे. एकेकीच्या नमुन्याला वरखाली दोन घरं, चौघींची मिळून आठ. म्हणजे अख्खा कॉलम. मग त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या प्लेटा बघितल्या. तिथंही बारावा कॉलम बाकीच्यांपेक्षा फिका येत होता, फक्त मर्यादेच्या आत राहिल्यानं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एप्रिलच्या मध्याआधीच्या कागदांत असं काहीच नव्हतं.

त्यानं मला बोलावून दाखवलं. आता सांगायला लाज वाटते, पण मी म्हणाले, "सोमा, सोड ना. कंट्रोल पास आहेत. जोडीतले आकडे एकमेकांशी जुळताहेत. उगाच कशाला?" कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा नमुना. तो बरोबर आला की प्लेट बरोबर धरतात.

तो म्हणाला, "कंट्रोल पहिल्या दोन कॉलममध्ये आहेत. जोडीतली दोन्ही घरं बाराव्यातच आहेत. चुकली तर दोन्ही सारखीच चुकणार. बाराव्या कॉलमवर पहारा कुणाचाच नाही, तेजू."

दुसऱ्या दिवशी तो लॅबचे मॅनेजर रविराज सर यांच्याकडे गेला. सरांनी त्या दिवशीची प्लेट ट्यूबलाइटसमोर धरली. "सगळं पिवळंच आहे की. मला तर काही फरक दिसत नाही." यंत्राचं कॅलिब्रेशन दोनच महिन्यांपूर्वी झालंय, सर्टिफिकेट भिंतीवर आहे, असंही म्हणाले. सोमनाथनं तपासायला एक किट मागितलं. सरांनी नकार दिला.

किट नाही तर नाही. त्यानं आधी यंत्र तपासायचं ठरवलं. त्या दिवशी काम संपल्यावर साधा पिवळा रंग पाण्यात कालवला आणि शहाण्णव घरांत सारखा भरला. आकडे सगळीकडे सारखे आले, बाराव्यातही. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. चूक प्लेट यंत्रात जाण्याआधी होत होती. मग फेकायला काढलेलं मुदत संपलेलं एक किट त्यानं मागून घेतलं आणि सगळ्या घरांत एकच स्वच्छ दूध लावलं. अकराव्या कॉलमपासून रंग उतरायला लागला होता आणि बाराव्यात जवळजवळ पाचवा हिस्सा कमी पडला होता.

तो कागद घेऊन तो पुन्हा सरांकडे गेला. सर वैतागले. "मुदत संपलेल्या किटचा आकडा मी कुणाला दाखवू?" बोलत बोलत ते बेंचपाशी आले. तिथं नुकतंच उघडलेलं नवीन किट होतं. "नवीन लॉट आहे ना हा? ती लाल झाकणाची बाटली दे बघू."

झाकणांवर अजून अक्षरं लिहायची राहिली होती. सोमनाथ एकेक बाटली उचलून बारीक लेबल वाचायला लागला. "लाल, सोमनाथ," सर म्हणाले. "तुझ्यासमोरच आहे."

मी दारात उभी होते. तो 'चष्मा लागलाय वाटतं' असं काहीही म्हणू शकला असता. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण, म्हण. त्यानं बाटली खाली ठेवली.

"सर, मला लाल कळत नाही. जन्मापासून. फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं."

सरांनी लाल झाकणाची बाटली स्वतःच उचलली. मग म्हणाले, "नऊ वर्षं तू या बेंचवर बसलास. आणि आता मला सांगतोस पिवळा फिका झालाय म्हणून?"

त्याच दिवशी सोमनाथला रीडरवरून काढून खाली नमुने उतरवून घेण्याच्या खिडकीत बसवलं. पुढचं क्वालिटी प्रमुख योगिनी मॅडम रजेवरून आल्यावर ठरणार होतं. लॅबमध्ये बातमी पसरायला दहा मिनिटं लागली. कुणी त्याला विचारे, माझा शर्ट कसला सांग. कुणी म्हणे, सिग्नलला काय करतोस रे? तो सगळ्यांना शांतपणे उत्तर द्यायचा. "वरचा दिवा लाल, खालचा हिरवा." मला मात्र राहवेना. मी म्हणाले, "झालं ना समाधान? आता नोकरी गेली तर?"

"गेली तर मळा आहे," तो म्हणाला. "पण कळवणचे नमुने आजही बाराव्यातच लागलेत. यादी माझ्याच खिडकीतून वर गेली."

योगिनी मॅडम सोमवारी आल्या. त्यांच्या टेबलावर सोमनाथचं दोन पानी पत्र होतं. पहिलं वाक्य असं होतं, 'भरती होताना मी फॉर्मवर खोटी माहिती दिली, त्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे.' त्याखाली बाराव्या कॉलमची हकीगत, तारखा, आकडे, कागदांच्या प्रती. शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. मीही ठेवत नाही. कृपया मोजून बघावे.'

मॅडमनी दुपारी आम्हा सगळ्यांना बेंचपाशी बोलावलं. मॅडम कमी बोलतात. "नवीन किट फोडा," त्या रविराज सरांना म्हणाल्या. मग सोमनाथकडे वळल्या. "तू कशाला हात लावायचा नाहीस. हात तेजस्विनीचे. तू फक्त सांग काय करायचं."

त्यानं सांगितलं आणि मी केलं. एकच स्वच्छ दूध दोन प्लेटांच्या सगळ्या घरांत भरलं. एक प्लेट नेहमीच्या जागी बेंचवर ठेवली, दुसरी बंद कपाटात. दोन्हींना वेळ सारखाच. मी भराभर घरं भरायला लागले. तोच मला म्हणाला, "घाई करू नको. घड्याळ मी बघतो."

कपाटातली प्लेट आधी वाचली. पहिल्या घरापासून शहाण्णवाव्यापर्यंत आकडे एकसारखे. मग बेंचवरची. मधल्या कॉलममध्ये एक पूर्णांक सहा, शेवटी एक पूर्णांक दोन. कागद छापून निघाला. मॅडमनी कागद खाली ठेवला, बेंचपाशी गेल्या आणि प्लेट ठेवतात त्या जागेवर तळहात धरला. हात हळूहळू उजवीकडे नेला. मग वर बघितलं. वर नवा एसी होता. त्याचा झोत बरोबर प्लेटच्या उजव्या कडेवर पडत होता. तेवढी कड गार राहायची आणि गार घरांत रंग पुरता चढायचाच नाही.

"कधी बसवला हा?"

"अकरा एप्रिलला," रविराज सर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

डेअरीच्या प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग आम्ही फ्रीजरमध्ये राखून ठेवतो. त्या चौघींचे राखलेले नमुने काढले आणि कपाटात ठेवलेल्या प्लेटच्या मधोमध लावले. चारही स्वच्छ निघाले. सहा आठवड्यांच्या प्रत्येक तारखेचे.

मग पत्राचा मसुदा झाला. रविराज सरांनी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव काही अहवाल सुधारित करण्यात येत आहेत.' सोमनाथला त्या खोलीत बोलावलं होतं ते फक्त तारखा सांगायला. तो म्हणाला, "सर, यात नावं नाहीत."

"डेअरीला कळतात की नमुना क्रमांक."

"डेअरीला कळतात. फळा वाचणाऱ्यांना कळत नाहीत. लिहिताना नाव लिहिलं होतं, पुसतानाही नाव घेऊनच पुसायला हवं. आणि चूक आपली होती हेही त्यात पाहिजे."

"तुझ्यावर अजून चौकशी आहे, माहीत आहे ना?" सर म्हणाले.

"माहीत आहे सर. पत्र झालं की माझं बघा."

योगिनी मॅडमनी मसुदा आपल्याकडे ओढला आणि स्वतः लिहिला. चार नावं, गाव, तारखा, आणि 'ही चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे' हे वाक्य.

सोमनाथला लेखी ताकीद मिळाली. खोटं ते खोटं, मॅडम म्हणाल्या, त्यात सूट नाही. माहीत असून गप्प राहिले म्हणून मलाही त्यांनी बोलावलं आणि दहा मिनिटांत माझी चांगली खरडपट्टी काढली. मग सोमनाथची डोळ्यांची रीतसर तपासणी झाली आणि त्याच्या फाइलला एक कागद लागला. नुसत्या डोळ्यांनी रंग बघून ठरवायच्या चाचण्या त्यानं करायच्या नाहीत, प्लेट रीडरचं काम करण्यास तो पात्र आहे. त्यानं तो कागद दोनदा वाचला आणि जेवणाच्या सुटीत आईला फोन लावून वाचून दाखवला. कलाबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिनं विचारलं म्हणे, "म्हंजे आता लपवायचं काय राहिलं नाय ना?"

रविवारी तो कळवणला निघाला. पत्राची प्रत स्वतः नेण्याची काही गरज नव्हती, मूळ पत्र डेअरीला पोचलं होतं. पण त्याला खात्री करायची होती. मीही गेले. दिंडोरी, वणी करत बस तिथं पोचेपर्यंत ऊन कललं होतं. नवसाबाई गोठ्यात होती. तिनं आम्हाला ओळखलं, पण ये म्हटलं नाही. सोमनाथनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुमचं दूध स्वच्छ होतं, चूक आमची होती.

"मला ठावंच व्हतं," ती म्हणाली. "मला काय सांगता? सहा आठवडं गेलं. आमच्या चौघीतल्या बायडाबाईनं गाय इकली. आता ती परत येणार हाय का?"

सोमनाथ म्हणाला, "नाही येणार."

तिला वाटलं असावं, हा काहीतरी समजूत घालेल. त्यानं घातली नाही. तिनं हात धुऊन पदराला पुसले. "कागद आणलाय ना? चला. सांजचं दूध घालायला समदे येत्यात. तिथं वाचा."

केंद्रावर वीसेक माणसं रांगेत होती. फळा पुसलेला होता, पण नीट बघितलं तर खडूच्या खुणा अजून दिसत होत्या. सोमनाथ चारचौघांत बोलायला बिचकणारा माणूस. त्यानं कागद उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मागून एकानं ओरडून सांगितलं, "आईकू येत नाय!" तो थांबला, दुधाच्या रिकाम्या कॅनवर चढला आणि पहिल्यापासून वाचलं. नवसाबाईचं नाव आलं तेव्हा ती रांगेच्या कडेला सरळ उभी होती. बायडाबाई आली नव्हती. तिचं नाव त्यानं दोनदा घेतलं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग आता पुन्ना आसं व्हनार नाय कशावरून?"

"आता शेवटच्या कॉलममध्येही कंट्रोल लावतो आम्ही. प्लेट बंद पेटीत ठेवतो," सोमनाथ म्हणाला. "तरी शंका आली तर सातपूरला या. माझं नाव ताजणे. मी खाली येऊन भेटेन."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसून झोपून गेला. नवसाबाईनं त्या डेअरीला पुन्हा दूध घातलं नाही. ती आता वणीच्या एका पेढेवाल्याला घालते. बाकी दोघी परत केंद्रावर जातात.

यंदा जानेवारीत लॅबमध्ये नवीन रीडर आला. शोषण आणि फ्लुरोसन्स दोन्ही मोजणारा, चांगला मोठा. रविराज सरांनीच तो सोमनाथच्या ताब्यात दिला. पहिले चार दिवस त्यानं त्यात गिऱ्हाइकाचा एकही नमुना घातला नाही. रोज एकच रंग शहाण्णव घरांत भरायचा, वाचायचा, प्लेट उलटी फिरवून पुन्हा वाचायचा. पाचव्या दिवशी सकाळी सर दारात येऊन म्हणाले, "ताजणे, द्राक्षवाल्यांचे फोन येताहेत. आज सुरू करायचं ना?"

सोमनाथनं मान वर केली नाही. "काळ्या प्लेटचे दोन कोपरे राहिलेत, सर," तो म्हणाला आणि प्लेट आत सरकवली.